आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन, जंतुसंसर्गाची भीती आणि पहिला आठवडा

वाचकाचे पत्र : मॅडम, आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात आहे. आई 67 वर्षांची असून तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्या डोळ्याने तर समोर माणूस उभा आहे एवढेच कळते. तिला शुगरही आहे. पुढच्या महिन्यात गावात नेत्र तपासणी शिबिर होणार आहे. पण गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या काकांच्या डोळ्यात ऑपरेशननंतर पू झाला आणि त्या डोळ्याची नजर कायमची गेली. तेव्हापासून आई एकच म्हणते, “दिसते तेवढं पुरे हाय, मले नाई कराचं ऑपरेशन.” हे जंतू डोळ्यात येतात कुठून? शिबिरातून जावे, की कर्ज काढून नागपूरला खासगी दवाखान्यात न्यावे? दोन्ही डोळे एकदमच करता येतात का? आणि पावसाळ्यात करावे की थंडीपर्यंत थांबावे? — एक शेतकरी वाचक

उत्तर : भाऊ, तुमच्या आईची भीती खोटी नाही. शेजारच्या घरातल्या माणसाचा डोळा गेलेला ज्या बाईने स्वतः पाहिला, तिला “काही होत नाही, उगाच घाबरू नका” असे सांगणे मला योग्य वाटत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि तो झाला तर नजर जाऊ शकते, हे खरे आहे. मात्र तो किती जणांना होतो, हेही त्यांना त्याच बैठकीत सांगायला हवे. शिस्तीने चालणाऱ्या रुग्णालयांत हे प्रमाण हजार शस्त्रक्रियांमागे एकापेक्षाही कमी असते. तमिळनाडूतील अरविंद नेत्र रुग्णालयाने सुमारे 6 लाख शस्त्रक्रियांचा हिशेब 2017 साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या आत मॉक्सिफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक सोडले नव्हते तिथे संसर्गाचे प्रमाण 0.07 टक्के होते आणि सोडले तिथे ते 0.02 टक्क्यांवर आले. म्हणजे दहा हजारांत सात जण होते, ते दोनवर आले.

दुसऱ्या बाजूला, ऑपरेशन न करण्यातही धोका आहे आणि तो याहून कितीतरी मोठा आहे. उजव्या डोळ्याने फक्त आकृती दिसत असेल तर तो मोतीबिंदू बराच पिकलेला असणार. तसाच ठेवला तर तो फुगून किंवा आतल्या आत पाझरून डोळ्याचा दाब एकाएकी वाढू शकतो, असह्य ठणका लागतो आणि मग घाईघाईत, सुजलेल्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते. फार कडक झालेला मोतीबिंदू काढायला वेळही जास्त लागतो, भिंगामागचा नाजूक पडदा फाटण्याची शक्यता वाढते आणि तो पडदा फाटला की संसर्गाचा धोका काही पटींनी वाढतो. म्हणजे ज्या भीतीपोटी आई थांबत आहेत, तीच भीती थांबल्यामुळे खरी होण्याची शक्यता वाढते. शिवाय अंधुक नजरेने विहिरीवर, गोठ्यात, रात्री अंगणात वावरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कशाकशाला सामोरे जावे लागते, ते खेड्यात राहणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको.

आता जंतू येतात कुठून, हा प्रश्न. बहुतेक वेळा ते रुग्णाच्या स्वतःच्याच पापण्यांवरून आणि डोळ्याच्या बाहेरच्या आवरणावरून येतात, हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. आपल्या सर्वांच्या पापण्यांच्या कडांवर स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू कायम वस्तीला असतात आणि बाहेर असताना ते काही बिघडवत नाहीत. शस्त्रक्रियेत डोळ्याला बारीकसा छेद दिला जातो आणि त्या वाटेने यातले थोडे जंतू आत शिरू शकतात. पुढच्या भागात शिरलेल्या जंतूंचा निकाल शरीर बहुतेक वेळा स्वतःच लावते. पण भिंगामागे जो जेलीसारखा पारदर्शक गर असतो, त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे शरीराची फौज तिथे वेळेवर पोहोचत नाही; तिथे जंतू पोहोचले की कोमट दुधाला लागलेल्या विरजणासारखे ते रातोरात सगळीकडे पसरतात. याच कारणाने पोटातून घेतलेल्या गोळ्या किंवा नेहमीचे सलाईनमधले इंजेक्शन या संसर्गावर पुरे पडत नाही. औषध थेट डोळ्याच्या आतच द्यावे लागते.

पापण्यांवरच्या या जंतूंवर सर्वांत खात्रीचा उपाय अगदी स्वस्त आहे. तो म्हणजे पोव्हिडोन आयोडीन, जखमेवर लावतात तेच तपकिरी औषध, पण डोळ्यासाठी 5 टक्क्यांचे द्रावण करून. टेबलावर घेतल्यावर आधी पापण्या आणि भोवतालची कातडी त्याने पुसतात आणि मग त्याचे थेंब डोळ्यात सोडून निदान तीन मिनिटे तसेच राहू देतात. ही तीन मिनिटे महत्त्वाची आहेत; थेंब टाकून लगेच पाण्याने धुऊन टाकले तर त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. डोळा बधिर केलेला असल्याने ते फारसे झोंबत नाही. आईंना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे डोळ्यावर तपकिरी पाणी आले की त्या घाबरून डोके हलवणार नाहीत किंवा हात वर नेणार नाहीत. शस्त्रक्रियेच्या मध्येच झाकलेल्या कापडाखालून हात काढून डोळ्याकडे नेणे ही रुग्णाच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक असते.

जंतूंची दुसरी वाट मात्र रुग्णाकडून नसते, रुग्णालयाकडून असते, आणि वर्तमानपत्रांत ज्या बातम्या आपण वाचतो त्या बहुधा याच वाटेच्या असतात. एकाच दिवशी, एकाच टेबलावर झालेल्या अनेकांच्या डोळ्यांत पू झाला तर दोष त्या सगळ्यांच्या पापण्यांचा असू शकत नाही. सर्वांना लागलेल्या एखाद्या सामाईक वस्तूत जंतू असतात. शस्त्रक्रियेत डोळा आतून सतत धुतला जातो, त्यासाठी रिंगर लॅक्टेट किंवा तशाच द्रावणाची बाटली लावतात. ती बाटली मुळातच दूषित निघाली, किंवा एकच बाटली आणि नळी एकामागून एक रुग्णांना वापरली, यंत्राच्या आतल्या नळ्या ओल्या राहिल्या, किंवा हत्यारे निर्जंतुक करणारे ऑटोक्लेव्ह नीट तापले नाही, तर एका दिवसात अनेक डोळे जातात. अशा वेळी बऱ्याचदा स्यूडोमोनास नावाचा जंतू सापडतो. तो पाण्यात आणि ओलीत वाढतो आणि एक-दोन दिवसांत डोळा निकामी करू शकतो.

संत नामदेवांमुळे आपल्याला माहीत असलेल्या पंजाबातील घुमान गावात 2014 साली परवानगीशिवाय भरवलेल्या शिबिरात शस्त्रक्रिया झालेल्या अनेक गरिबांची नजर गेली. बिहारमधील मुझफ्फरपूर येथे नोव्हेंबर 2021 मध्ये एका दिवसात 65 जणांच्या शस्त्रक्रिया केल्या गेल्या आणि त्यांतल्या अनेकांचे डोळे काढून टाकावे लागले. ही माणसे तुमच्या आईसारखीच होती, उपकाराच्या भावनेने आलेली, एकही प्रश्न न विचारणारी. म्हणून मी आग्रहाने सांगते की फुकट ऑपरेशन होत असले तरी प्रश्न विचारण्याचा तुमचा हक्क कमी होत नाही.

यावरून तुमच्या शिबिराच्या प्रश्नाकडे येते. शिबिर म्हटले की ते वाईटच, असे मुळीच नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात 1976 पासून चालू आहे आणि आज त्याची ठरलेली पद्धत अशी आहे की गावात फक्त तपासणी व्हावी आणि शस्त्रक्रिया कायमस्वरूपी शस्त्रक्रियागृह असलेल्या रुग्णालयातच व्हावी. शाळेच्या खोलीत, समाजमंदिरात किंवा मंगल कार्यालयात टेबल लावून डोळ्यांची ऑपरेशने करण्याचे दिवस गेले. तेव्हा शिबिरात आईंची तपासणी जरूर करून घ्या. तिथल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांना किंवा गावच्या आशाताईंना शस्त्रक्रिया नेमक्या कोणत्या रुग्णालयात होणार ते विचारा. जिल्हा रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा वर्षभर डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करणारे धर्मादाय रुग्णालय असे उत्तर आले तर निश्चिंत मनाने जा. “इथंच करून टाकू” असे उत्तर आले तर आईंना घेऊन घरी परत या.

कर्ज काढून नागपूरला नेण्याची मला तरी गरज दिसत नाही. जास्त पैसे घेणाऱ्या ठिकाणी डोळ्यात बसवायचे भिंग महागाचे मिळते, खोली चांगली मिळते. पण जंतू पैशाने मरत नाहीत, ते शिस्तीने मरतात. रोज अनेक मोतीबिंदू काढणाऱ्या सरकारी किंवा धर्मादाय विभागातील परिचारिकेच्या हाताला जी सवय असते ती क्वचित शस्त्रक्रिया करणाऱ्या चकचकीत दवाखान्यात असेलच असे नाही. यंत्राने, म्हणजे फेको पद्धतीने करायचे की हाताने लहान छेद घेऊन बिनटाक्याचे, यावरूनही संसर्गाचा धोका ठरत नाही. पिकलेल्या मोतीबिंदूसाठी हाताने केलेली शस्त्रक्रिया अनेकदा अधिक सुरक्षित पडते. तेव्हा “फेकोच करा” असा हट्ट धरू नका.

रुग्णालयात गेल्यावर नम्रपणे पण स्पष्टपणे तीन गोष्टी विचारा. प्रत्येक रुग्णाला हत्यारांचा वेगळा, निर्जंतुक केलेला संच वापरता का? डोळा धुण्याचे द्रावण आणि नळी प्रत्येकाला नवी लावता का? शेवटी डोळ्यात प्रतिजैविक सोडता का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. हत्यारांच्या पुडक्यावर एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावरच्या फिकट रेघा ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने काळ्या पडतात आणि फिकट रेघांचे पुडके उघडायचे नाही, हे तिथल्या परिचारिकेला पाठ असते. अर्थात त्या पट्टीने फक्त पुडके तापून आले एवढेच कळते. आतले जंतू मेले की नाही याची परीक्षा रुग्णालयाने मुद्दाम ठेवलेल्या जंतूंच्या नळीने वेगळी करायची असते. हे सगळे तुम्ही तपासू शकणार नाही आणि तपासत बसण्याची अपेक्षाही नाही. पण प्रश्न विचारला की समोरच्याच्या उत्तरावरून बरेच समजते.

आईंच्या बाजूने करायची तयारीही आहे. शुगर असलेल्यांना संसर्गाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तारीख ठरण्याआधी शुगर आटोक्यात आणणे आवश्यक आहे. त्यासाठी गोळ्यांत काय बदल करायचा ते तुमचे नेहमीचे डॉक्टर सांगतील. डोळ्यातून सतत पाणी येत असेल, नाकाजवळचा कोपरा दाबल्यावर पू येत असेल, ज्याला आपल्याकडे लासूर म्हणतात, तर आधी त्याचा उपचार करायचा आणि मगच मोतीबिंदू. पापण्यांच्या कडा लाल, खपल्या धरलेल्या असतील किंवा सकाळी चिपडांनी डोळे चिकटत असतील तरी तसेच. तपासणीत हे सुटून जाऊ शकते, म्हणून तुम्ही स्वतः सांगा. पायाला चिघळलेली जखम असेल, दाढेत पू असेल, खोकला-ताप असेल तर तेही लपवू नका. “तारीख पुढे जाईल” या भीतीने लपवलेली गोष्टच पुढे अंगाशी येते. आदल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ, साबणाने तोंड धुणे, स्वच्छ धुतलेले लुगडे आणि डोळ्यात काजळ नाही, एवढे पुरे.

शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर थेंब टाकणाऱ्या माणसाने दर वेळी साबणाने हात धुवावेत आणि बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. डोळा पुसायला पदर, रुमाल किंवा शेल्याचे टोक वापरायचे नाही. आपल्या भागात घरोघरी कापूस असतो आणि वाती वळायला ठेवलेल्या त्या कापसानेच म्हातारी माणसे डोळे टिपतात. तो शेतातला, धुळीतला, हाताळलेला कापूस ऑपरेशनच्या डोळ्याजवळ आणू नका. औषधाच्या दुकानातला निर्जंतुक कापूस स्वच्छ पाण्यात उकळून, थंड झाल्यावर घट्ट पिळून, डोळा मिटलेला ठेवून फक्त पापण्यांवरून हलकेच फिरवायचा. विहिरीचे, नळाचे किंवा रांजणातले पाणी डोळ्यात जाऊ द्यायचे नाही, डोक्यावरून आंघोळ डॉक्टर सांगतील तोवर नाही. चुलीच्या धुरापासून आणि गोठ्याच्या कामापासून त्यांना दूर ठेवा. मध, गुलाबजल, एरंडेल, कोणी बाळंतिणीचे दूध सांगितले तर तेही नाही. सांगणारी माणसे मायेने सांगतात, पण ताज्या छेदावर या गोष्टी जंतू घेऊन येतात.

आता मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचे आहे ते हे, की शस्त्रक्रियेनंतर डोळा बहुधा त्या दिवशी जात नाही, तो पुढच्या काही दिवसांत, वाट पाहण्यात जातो. तीव्र संसर्ग सहसा पहिल्या आठवड्यात दिसतो. पट्टी काढल्यावर चांगले दिसू लागलेले असते आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून किंवा आणखी एक-दोन दिवसांनी नजर पुन्हा धूसर होऊ लागते, डोळा लाल होतो, ठणकतो, पापणी सुजते, उजेड सहन होत नाही. कधी बुबुळावर खालच्या बाजूला पांढरट-पिवळी रेघ दिसते. तो साचलेला पू असतो. यात दुखणे नसले म्हणून धीर धरू नका. या आजारावरच्या 1995 सालच्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना दुखत नव्हते आणि शुगरच्या रुग्णाला दुखणे कमी जाणवू शकते. म्हणून खूण एकच धरा : आदल्या दिवसापेक्षा आज कमी दिसते आहे का? रोज सकाळी, दुसरा डोळा हाताने झाकून, आईंना तुमच्या हाताची बोटे मोजायला सांगा. काल मोजता आली आणि आज येत नाहीत, तर त्याच दिवशी निघायचे. फेरतपासणीची तारीख शुक्रवारची असेल तर शुक्रवारपर्यंत थांबायचे नाही, रविवार असला तरी थांबायचे नाही.

अशा वेळी मेडिकलवाल्याकडून “डोळा लाल झालाय” म्हणून थेंब आणणे हा घातक मार्ग आहे. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. लाली एक-दोन दिवस कमी वाटते आणि आत जंतू वाढत राहतात. शस्त्रक्रियेनंतर चोवीस तासांच्या आत येणारी, जंतूंमुळे नसलेली सूजही असते आणि ती स्टेरॉइडनेच बरी होते, पण दोन्हींतला फरक यंत्राखाली डोळा पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे फोन करा आणि तिथेच जा. जाताना सर्व कागद आणि चालू थेंबांच्या बाटल्या सोबत घ्या. तिथले डॉक्टर डोळ्यातील थोडा गर तपासणीसाठी काढून व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम ही प्रतिजैविके डोळ्याच्या आत सुईने देतात. फक्त उजेड-अंधार कळण्याइतकीच नजर उरली असेल तर आतला दूषित गर काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते आणि त्यासाठी डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या डॉक्टरांकडे पाठवतात. ती सोय सर्व ठिकाणी नसते. यवतमाळहून नागपूर सुमारे 150 किलोमीटर आहे, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच विचारून ठेवा की अशी वेळ आली तर आम्हाला कुठे पाठवाल आणि रात्री कोणत्या नंबरवर बोलायचे. तो नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असू द्या. गावातून शेवटची एसटी दुपारीच सुटत असेल तर पहिला आठवडा कुणाची गाडी मिळेल तेही बोलून ठेवा. हे सगळे करूनही गाडीची गरज बहुधा पडणार नाही.

शेजारच्या काकांच्या बाबतीत नेमके काय घडले ते मला माहीत नाही, त्यामुळे त्यावर मत देणार नाही. त्यांच्या दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू असेल तर एवढा निरोप त्यांना द्या की एका डोळ्याला संसर्ग झाला म्हणून दुसरा आंधळा होऊ देऊ नये. जुने कागद आणि जंतूंच्या तपासणीचा अहवाल नव्या डॉक्टरांना दाखवावा, म्हणजे ते लासूर, पापण्या आणि शुगर जास्त काटेकोरपणे पाहतील. त्याच दिवशी इतरांनाही तसा त्रास झाला असेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांकडे लेखी कळवायला हवे, कारण दोष डोळा धुण्याच्या द्रावणात असेल तर त्या बाटल्या आणखी कुठे गेल्या आहेत हे शोधावे लागते.

दोन्ही डोळे एकाच दिवशी करू नका. काही ठिकाणी तसे करतात, पण तेव्हा दुसऱ्या डोळ्याला सर्वस्वी वेगळी हत्यारे, वेगळे द्रावण आणि नव्याने सगळी तयारी असावी लागते. आपल्या परिस्थितीत ती खात्री धरणे अवघड आहे आणि चूक झाली तर दोन्ही डोळे पणाला लागतात. उजवा आधी करा. तो शांत झाला आणि डॉक्टरांनी होकार दिला की काही आठवड्यांनी डावा.

राहिला हंगाम. शस्त्रक्रियागृहातल्या जंतूंना पावसाळा आणि थंडी यांचा फरक नसतो, त्यामुळे वैद्यकीय कारणासाठी थंडीची वाट पाहण्याची गरज नाही. पण तुमच्या घरचा हंगाम जरूर पाहा. मृगाच्या पेरणीत किंवा कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत घरातले सगळे पहाटेच शेतात जाणार असतील, तर आईंचे थेंब कोण टाकणार आणि रोज सकाळी त्यांना बोटे मोजायला कोण लावणार? ज्या आठवड्यात तुम्ही, सूनबाई किंवा एखादी बहीण हातपाय धुऊन दिवसभर घरी थांबू शकेल, तो आठवडा रुग्णालयाला सांगा आणि त्यातली तारीख मागून घ्या.